खरखर आणि आवाज

एखादे गाणे ऐकून 'मला नाही आवडले' असे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आवड ज्याची त्याची. कोणाला कारले रुचते, कोणाला रुचत नाही. त्यात नीती-अनीतीचा प्रश्न येतो कोठे? ही समजूत सोयीची आहे, आणि बहुतेक वेळा तिने कोणाचे नुकसानही होत नाही. परंतु काही गाणी अशी असतात की त्यांच्यावर मत देताना आपण गाण्याबरोबर गाणाऱ्याचाही निवाडा करीत असतो आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. अशा ठिकाणी 'ज्याची त्याची आवड' हे उत्तर पुरत नाही.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो एका परदेशी गीतसंग्रहामुळे. डॅनिएल जॉन्स्टन (१९६१-२०१९) या अमेरिकन तरुणाचा 'हाय, हाऊ आर यू' हा संग्रह १९८३ सालचा. तो 'निघाला' असे म्हणणेही थोडे अतिशयोक्तीचे होईल. टेक्सस राज्यात राहत असताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने साध्या कॅसेट रेकॉर्डरसमोर बसून, एक लहानसा ऑर्गन वाजवीत ही गाणी म्हटली. मुखपृष्ठावर स्वतःच्या हाताने एक बेडूक काढला. आणि पुढे ऑस्टिन शहरात मॅक्डोनाल्डच्या खानावळीत काम करीत असताना आपल्या कॅसेटी भेटेल त्याच्या हातात ठेवल्या. संग्रहाचे उपशीर्षकच 'अपूर्ण संग्रह' असे आहे. टेपची सरसर सतत ऐकू येते. आवाज पातळ आणि कापरा, लय मधूनच पळते, गाणी सुरू होतात न होतात तोच संपतात. एक गाणे चक्क गाय हाकीत नेण्यावर आहे. १९९२ साली 'निर्वाणा' या रॉक गटाचा कर्ट कोबेन त्या बेडकाचे चित्र असलेला सदरा घालून लोकांसमोर वावरू लागला, आणि या घरगुती कॅसेटचे नाव सर्वतोमुखी झाले. अशा कमी प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला इंग्रजीत 'लो-फाय' म्हणतात, आणि आता तो एक मानाचा प्रकार होऊन बसला आहे.

परभणीत काही परिचितांना मी हा संग्रह ऐकविला. हेतू काही संशोधनाचा नव्हता, निव्वळ कुतूहल. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा म्हणाला, "तुमची कॅसेट खराब झाली आहे." त्याला सांगितले की ती मुळातच अशी आहे, तेव्हा त्याने खांदे उडविले. दुसऱ्याला ती फार 'खरी' वाटली. चित्रपटातल्या गुळगुळीत गाण्यांपेक्षा हा माणूस मनापासून गातो, असे त्याचे म्हणणे. रविवारी गायनवृंदात पेटी वाजविणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "सूर लागत नाही, पण चाल बांधलेली आहे, बरं का!" आणि रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका मुलीने काहीच मत दिले नाही. तिने एवढेच विचारले, "हा माणूस आजारी आहे का?"

चौघांनी चार गोष्टी ऐकल्या. एकाने टेप ऐकली, एकाने भाव ऐकला, एकाने रचना ऐकली, एकीने माणूस ऐकला. स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली रसिकतेच्या निकषावर जो निबंध लिहिला, त्यात सर्व्हान्टिसच्या 'डॉन किहोटे'तील एक गोष्ट त्याने घेतली आहे. दोन जाणकारांना एका पिंपातील द्राक्षरस चाखावयास दिला. एक म्हणाला, रस उत्तम, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तमच, पण थोडी लोखंडाची चव येते. मंडळी दोघांना हसली. पिंप रिकामे केले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सापडली. ह्यूमचा मुद्दा असा की मते निरनिराळी असली म्हणजे ती पोकळ असतातच असे नाही. ती एकाच वस्तूच्या निरनिराळ्या अंगांना स्पर्श करीत असतात. मला हे पटते. मात्र ह्यूमच्या पिंपात किल्ली होती. आपल्या पिंपाच्या तळाशी एक जिवंत माणूस आहे.

परिचारिकेचा तर्क बरोबर होता. जॉन्स्टन दीर्घकाळ गंभीर मनोविकाराने पीडित होता, अनेकदा त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले, आणि हा 'अपूर्ण' संग्रहही तो मनाने ढासळत असतानाच्या काळातला आहे. ही माहिती कळल्यावर बाकीच्या तिघांची मते बदलली का? बदलली, पण ज्या दिशेने बदलली ती मला विचार करायला लावणारी होती. खांदे उडविणारा मुलगा ओशाळला आणि म्हणाला, "मग ठीक आहे." ज्याला गाणी 'खरी' वाटली होती त्याला ती आणखीच खरी वाटू लागली. पेटीवाल्या गृहस्थांनी मात्र आपले मत तसेच ठेवले: सूर लागत नाही, चाल बांधलेली आहे. माझ्या मते चौघांत गाणाऱ्याचा सर्वाधिक मान त्यांनीच राखला. "मग ठीक आहे" या शब्दांत दया आहे, पण त्या दयेने गाणाऱ्याला गवयांच्या पंक्तीतून उठवून रुग्णांच्या रांगेत नेऊन बसविले. त्याच्याकडून आता चांगल्या गाण्याची अपेक्षाच उरली नाही.

खडबडीतपणाला खरेपणा समजणाऱ्या दुसऱ्या मताचे खंडन अधिक कठीण आहे, कारण ते मत उदार दिसते. खेड्यातला माणूस भोळा, फाटक्या कपड्यातला माणूस प्रामाणिक, अडखळत बोलणारा माणूस निष्कपट, अशी समीकरणे आपण सहज मांडतो. खरखरणारी टेपही त्याच न्यायाने सत्यवादी ठरते. परंतु खरखर हा ध्वनिमुद्रणाचा गुणधर्म आहे, चारित्र्याचा नव्हे. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही लोक ऐकतात. सुईची खरखर त्यांतही पुष्कळ आहे. पण त्या खरखरीमुळे खाँसाहेब प्रामाणिक ठरतात, असे कोणी जाणता म्हणत नाही. आपण खरखर बाजूला सारून त्यांच्या सुरापर्यंत पोहोचतो. आणि आता तर परिस्थिती अशी आली आहे की अभ्यास करताना मुले जे 'लो-फाय' संगीत लावून बसतात, त्यात जुन्या तबकडीची खरखर संगणकाने मागाहून मिसळलेली असते. नव्या कापडाला मुद्दाम ठिगळ लावून विकावे, तसे. त्यात पाप आहे असे मी म्हणत नाही. मुलांना त्या आवाजात बरे वाटते, एवढेच. पण ठिगळ हा गरिबीचा पुरावा राहिलेला नाही, हे तरी त्यावरून कळावे.

येथे एक भेद करावासा वाटतो, आणि तो आपल्या वाचकांना अपरिचित नसावा. स्वेच्छेने पत्करलेले दारिद्र्य आणि लादलेले दारिद्र्य या दोन गोष्टी एक नव्हेत. असिसीच्या संत फ्रान्सिसने वडिलांची मखमल अंगावरून उतरविली. उतरविण्यास मखमल होती, म्हणून त्या कृतीला अर्थ आला. ज्याच्या अंगावर कधी धड कापडच नव्हते त्याच्या उघडेपणाचे कौतुक करणे हे क्रौर्याच्या अगदी जवळ जाते.

संगीतात याचे स्पष्ट उदाहरण आहे. जॉन्स्टनच्या संग्रहाच्या एकच वर्ष आधी, १९८२ साली, ब्रूस स्प्रिंगस्टीन या विख्यात गायकाचा 'नेब्रास्का' हा संग्रह प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील आपल्या राहत्या घरी, चार पट्ट्यांच्या एका कॅसेट यंत्रावर, गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन त्याने ही गाणी कच्ची नोंद म्हणून मुद्रित केली होती. पुढे सगळा वाद्यवृंद जमवून सुसज्ज स्टुडिओत ती पुन्हा गाऊन पाहिली. समाधान होईना. शेवटी ती घरगुती कॅसेटच तबकडीवर उतरविली गेली. बाजूला ठेवलेल्या त्या वाद्यवृंदासह केलेल्या मुद्रणांपैकी काही २०२५ साली प्रसिद्धही झाली. ज्यांना तुलना करावयाची असेल त्यांनी अवश्य करावी. स्प्रिंगस्टीनपाशी स्टुडिओ होता, पैसा होता, वादक होते. त्याने पूर्णता नाकारली, कारण गुन्हेगार, कर्जबाजारी आणि हताश माणसांच्या त्या गाण्यांना ती पेलवत नव्हती. हा कलावंताचा निर्णय झाला. जॉन्स्टनला नाकारण्यासारखे काही नव्हतेच. जे यंत्र हाताशी होते त्यावर तो गायला.

पुढे १९९४ साली एका मोठ्या कंपनीने जॉन्स्टनचा 'फन' नावाचा संग्रह काढला. या वेळी चांगले ध्वनिमुद्रण, सोबतीला वादक. विक्री बेताचीच झाली आणि काही काळाने कंपनीने त्याच्याशी असलेला संबंध संपविला. त्याच्या जुन्या चाहत्यांत असे म्हणणारे अनेक आहेत की त्याची खरी गाणी ती घरगुती कॅसेटांवरचीच. हे मत कलेच्या दृष्टीने बरोबरही असू शकेल. तरी त्याच्या पोटात एक अपेक्षा दडलेली असते: तू आम्हांला आवडतोस तो फाटक्या टेपवरच, तेव्हा तसाच राहा. गरिबाने पक्के घर बांधले की 'आता पूर्वीचा तो राहिला नाही' असे म्हणणारे शेजारी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २००४ साली टॉम वेट्ससारख्या नामवंत गायकांनी त्याचीच गाणी आपापल्या गळ्यातून गाऊन एक संग्रह काढला, आणि ती गाणी तेथेही उभी राहिली. म्हणजे पेटीवाल्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरले. चाल बांधलेली होती. ती टेपच्या सरसरीवर जगत नव्हती.

हे सगळे लांबच्या देशातले झाले. आपल्या जिल्ह्यात या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे. गोदावरीकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तेथून ही मुलगी पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून गेली, आणि दळणकांडण करता करता तिने अभंग रचले. विठ्ठल तिच्यासोबत जात्याला हात लावीत असे, ही आख्यायिका महाराष्ट्रात कोणाला सांगावी लागत नाही. जनाबाईंपाशी ना वीणेकरी होते, ना श्रोते. जाते होते. पहाटे अंधारात दोघी समोरासमोर बसून, खुंट्याला हात घालून, मूठ मूठ जोंधळा जात्याच्या तोंडात टाकीत ज्या ओव्या बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या, त्यांचे मापच जात्याच्या फेऱ्याने ठरविले. हीच ओवी ज्ञानेश्वरांच्या हाती ग्रंथरूप झाली, आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'साठी हेच माप निवडले. विद्वानांच्या हाती येण्यापूर्वी तिला घरघरीची सोबत होती, हे आपण विसरू नये.

या ओव्यांची नोंद करण्याचे मोठे काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी प्वातवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह केले. हजाराहून अधिक गावांतून त्यांनी एक लाखावर ओव्या जमविल्या. १९९० नंतरच्या दशकात बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. पाथरीहून गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातले माजलगाव लागते. तेथील भीमनगरात १९९६ साली बायकांनी गायिलेल्या ओव्या या संग्रहात आहेत, आणि त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्यांना मानाचे स्थान आहे. प्वातवँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या. २०१७ पासून हा ठेवा 'परी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहातून लोकांना ऐकावयास मिळू लागला आहे.

ही मुद्रणे ऐकून लोक जी मते देतात ती परभणीतल्या माझ्या परिचितांपेक्षा फारशी वेगळी नसतात. कोणाला ती कंटाळवाणी वाटतात. एकच चाल, तीच तीच. कोणाला त्यांत 'मातीचा गंध' येतो. (हा शब्दप्रयोग मी अशा माणसांच्या तोंडून अधिक ऐकला आहे, ज्यांनी आयुष्यात कधी पायलीभर दळलेले नाही.) दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात: की हे गाणे आपल्यासाठी आहे. वस्तुतः तसे नव्हते. ओवी म्हणणारी बाई कोणाला ऐकवीत नव्हती. फार तर समोर बसलेल्या जावेला, लांब दिलेल्या लेकीला, आठवणीतल्या आईला, देवाला. श्रोत्याची जागा त्या गाण्यात राखलेलीच नव्हती. आपण तेथे मागाहून, न बोलावता येऊन बसलो. न बोलावता आलेल्या पाहुण्याने 'आमटीत मीठ कमी आहे' असे म्हणावे का? आणि 'वा, किती साधी आमटी!' असे तरी म्हणावे का?

मग मत देऊच नये की काय? तसेही मला वाटत नाही. मत न देणे हाही कित्येकदा अनादरच असतो. लहान मुलाच्या चित्राला आपण न पाहताच 'छान' म्हणतो, तसा. गाण्यापुढे आपण किती आणि कशाने हलावे, हा प्रश्न फार मोठ्या माणसांनाही पडलेला आहे. संत ऑगस्टीन आपल्या 'कबुलीजबाबा'च्या दहाव्या भागात या प्रश्नाशी झगडतात. मिलानच्या मंदिरात स्तोत्रे ऐकून आपले डोळे कसे भरून आले हे त्यांना आठवते. आणि जेव्हा गायिलेल्या शब्दांपेक्षा गाणाऱ्या आवाजानेच आपण अधिक मोहून जातो, तेव्हा आपल्या हातून दोष घडतो, असेही ते म्हणतात. गायन ठेवावे की सोडावे, याविषयी त्यांचे मन दोन्हीकडे हेलकावे खाते. शेवटी ते ठेवण्याकडे झुकतात. आवाजाच्या सौंदर्याची त्यांना भीती वाटते ती अशासाठी की आवाज सांगण्याच्या आड येतो. आमच्या प्रश्नात आवाजाची कुरूपता आड येते आहे. आणि कुरूपतेच्या प्रेमात पडणाराही शेवटी पृष्ठभागाच्याच प्रेमात पडलेला असतो. गोड गळ्यावर भाळणाऱ्याहून तो वरचढ ठरत नाही.

आपल्या मराठीत 'ऐकणे' आणि 'ऐकून घेणे' हे दोन निराळे प्रयोग आहेत. बाजारातली गाणी आपण ऐकतो. दारात आलेल्या माणसाचे आपण ऐकून घेतो. ऐकून घेण्यात संमती द्यावीच लागते असे नाही. ऐकून घेऊन नाही म्हणता येते. पण त्याचे बोलणे पुरे होऊ द्यावे लागते, तो तोतरा असला तर थोडे अधिक थांबावे लागते, आणि त्याचा तोतरेपणा आणि त्याची तक्रार या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. गायनवृंदातल्या एखाद्या नवशिक्या मुलीचा स्तोत्र म्हणताना आवाज फाटतो, आणि पुढच्या बाकावरची मंडळी एकमेकांकडे पाहून हसतात. त्यांनी ऐकलेले असते. ऐकून घेतलेले नसते. आणि तिला 'किती गोड म्हणालीस' अशी खोटीच शाबासकी देणाऱ्यांनीही घेतलेले नसते. पट्टी दोन स्वर खाली धर, असे तिला मिस्सेनंतर सांगणारा जो कोणी असेल, त्याने घेतलेले असते. संस्कृत साहित्यशास्त्राने रसिकाला 'सहृदय' म्हटले, त्यात हृदय जितके महत्त्वाचे तितकाच 'स'ही. सोबत असल्यावाचून तो शब्द पुरा होत नाही.

गंगाखेड तालुक्यातील एका परिचित कुटुंबात सध्या याच प्रश्नावर मतभेद आहे. आईने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मोठ्या मुलाने तीसएक वर्षांपूर्वी ओसरीत 'टू-इन-वन' ठेवून मुद्रित केल्या होत्या. त्या वेळी गावात पिठाची गिरणी होतीच. आई केवळ मुलाच्या हट्टाखातर जात्याशी बसली. ती आता हयात नाही. धाकटा मुलगा पुण्याला संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याने गेल्या वर्षी ही कॅसेट संगणकावर उतरवून घेतली आणि स्वच्छ केली. या कामाची रीत अशी की जो आवाज एकसारखा, न बदलता चालू असतो, त्याचा एक नमुना यंत्राला दाखवावयाचा, आणि यंत्र तेवढा आवाज सगळीकडून वजा करते. टेपची सरसर एकसारखी होती, ती गेली. जात्याची घरघरही जवळपास एकसारखीच होती. तीही पुष्कळशी गेली. आईचा आवाज असा निर्मळ झाला की शब्द न् शब्द कळतो. पूर्वी न कळलेल्या दोन ओव्या त्यामुळे घरच्यांना प्रथमच कळल्या, आणि त्यांतली एक धाकट्याच्या स्वतःच्या जन्मावरची निघाली. तो ती पुन्हा पुन्हा ऐकतो.

बहीण सेलूला दिली आहे. तिला ही स्वच्छ प्रत पसंत नाही. "आईचा आवाज आला," ती म्हणते, "पण आई बसली आहे कुठे तेच कळत नाही." ओवीच्या दोन चरणांमध्ये आई जेथे थांबते, तेथे पूर्वी जाते ऐकू येई, आता तेथे काहीच नाही, आणि आई विनाकारण अडखळते आहे असे वाटते, असे तिचे म्हणणे. धाकट्याला ते मान्य नाही. लोकांना शब्द कळले पाहिजेत, नातवंडांना तरी. दोघांचेही मी ऐकून घेतले. माझे मत विचारले तेव्हा बहिणीच्या बाजूने दिले, आणि धाकट्याने ते मानले नाही. आईच्या पुण्यतिथीला दोहोंतली कोणती प्रत लावावयाची, ते अद्याप ठरलेले नाही. मूळ कॅसेट मोठ्या भावापाशी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलेली आहे. तिची फीत दोन ठिकाणी तुटली होती, ती चिकटपट्टीने जोडली आहे.